केळी मोजा, मेथी मोजू नका

वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३८, उंची पाच फूट दोन इंच. दिवाळीआधी वजन ७६ किलो होतं. भावानं मोबाइलमध्ये कॅलरी मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं, त्यात दिवसाला १४०० ची मर्यादा आली. पहिल्या दीड महिन्यात तीन किलो उतरले, त्यानंतर काटा जागचा हलत नाही. भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, फळं आणि भाज्या मोजायच्याच नसतात. शाळेतल्या एक मॅडम म्हणतात, तोंडात जाईल ते सगळं मोजायचं. आमची केळीची बाग आहे, घरात फण्या पडलेल्या असतात, दिवसाला चार केळी सहज होतात. सासूबाई म्हणतात, 'केळंच शे ना, त्यानं काय व्हस?' केळी लिहायला लागले की आकडा संध्याकाळीच लाल होतो. मग रात्री मी भाजी सोडते आणि भाकरी दुधात कुस्करून खाते. तेल मी बेतानंच वापरते. आम्ही पाच जण, पंधरा किलोचा डबा दोन महिने जातो. मग चुकतंय कुठे? आणि एकादशीला काय करायचं, तेही सांगा."

ताई, नमस्कार.

मोजायचं की नाही, याचं उत्तर देतेच. पण पत्रातलं एक वाक्य मला टोचलं, म्हणून आधी त्याबद्दल. आकडा लाल झाला की भाजी सोडता आणि भाकरी दुधात कुस्करून खाता, हे आज रात्रीपासून बंद करा. साधा हिशेब आहे. वाटीभर मेथीची भाजी, त्यात तुमच्या वाट्याला चहाचा चमचाभर तेल आलं, तर जेमतेम ऐंशी कॅलरी. घरचं दूध बहुतेक म्हशीचं असणार. ते दोनशे मिली घेतलं तरी दोनशेच्या वर कॅलरी झाल्या. ऐंशी वाचवायला गेलात आणि दोनशे घेतल्यात. दुधाला मी नावं ठेवत नाही, त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. पण शाळा, घर आणि शेत असं तिन्ही सांभाळणाऱ्या बाईच्या ताटातून भाजीच जावी, आणि तीही वजनाच्या नावाखाली, हे मला पाहवत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायची सवय आपल्याकडे बायकांना आधीच लागलेली आहे. त्यात मोबाइलनं भर घालू नये.

आता उत्तर. फळं मोजा. पालेभाज्या आणि पाणीदार फळभाज्या मोजू नका. मात्र भाजीत पडणारं तेल, दाण्याचा कूट, सुकं खोबरं आणि शेव न चुकता मोजा. तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे, मॅडमही अर्ध्या बरोबर आहेत. काटा जिथे अडलाय, ती जागा मात्र दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही. ती तुमच्याच पत्राच्या शेवटी आहे. तिकडे येतेच.

आधी केळी. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात केळं हे बाजारातून आणायचं फळ नाही, ते घरात असतंच. कापणीच्या वेळी घडातल्या दोन-चार फण्या घरी येतात, पिकायला लागल्या की सगळ्या एकदमच पिकतात, आणि वाया जायला नकोत म्हणून येता-जाता एकेक तोंडात जातं. जेवण म्हणून ते कुणी धरत नाही. सासूबाईंचं म्हणणं याच सवयीतून आलंय, आणि त्यांच्या आयुष्यात ते चुकीचंही नव्हतं. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला चार केळ्यांनी खरंच काही होत नाही. तुमचा दिवस खुर्ची-फळ्याच्या मधला आहे, म्हणून हिशेब वेगळा.

तुमच्या बागेत ग्रँड नैन जातीची केळी असतील तर चांगलं भरलेलं केळं सालीसकट १८० ग्रॅमच्या आसपास जातं. त्यातला साधारण तिसरा हिस्सा साल. उरला १२० ग्रॅम गर, त्याच्या ११० ते १२५ कॅलरी. चार केळ्यांच्या साडेचारशे ते पाचशे. तुमच्या १४०० पैकी एक तृतीयांश वाटा! फळं फुकट असतात असं म्हणून ही रक्कम सोडून देता येणार नाही.

मोजताना एक काळजी घ्या. अ‍ॅपमध्ये 'मध्यम केळं' निवडलं की बहुतेक ठिकाणी १०५ कॅलरी येतात. तो आकडा अमेरिकी तक्त्यातला आहे, ११८ ग्रॅम सोललेल्या केळ्याचा. तुमच्या घरचं केळं लहान असेल तर कमी धरा, दणकट असेल तर जास्त. आणि वजन करायचं ते सोलून. सालीसकट काट्यावर ठेवलंत तर दीडपट आकडा लागेल आणि उगाच घाबराल. सीताफळ, आंबा, मोसंबी, कलिंगड यांनाही हेच लागू. सीताफळाचं तर निम्मं वजन साल आणि बियांतच जातं. रोज तोलत बसायचीही गरज नाही. दोन-चार केळी एकदा तोलून डोळ्यांत माप बसवलं की झालं.

भावाचा सल्ला कुठून आला असेल, याचा मला अंदाज आहे. अमेरिकेत 'वेट वॉचर्स' म्हणून वजन उतरवणाऱ्यांची मोठी संस्था आहे, १९६३ पासूनची. तिथे कॅलरीऐवजी गुण मोजतात. २०१० च्या अखेरीस त्यांनी जवळपास सगळ्या ताज्या फळांचे गुण शून्य केले, बहुतेक भाज्यांचे तर होतेच. हेतू चांगला होता. बिस्किटाला आणि सफरचंदाला सारखेच गुण लागले तर माणूस बिस्किटाकडे हात नेतो, म्हणून सफरचंद मोकळं सोडलं. पण तिथे बाकीच्या खाण्याचा कोटा आखतानाच धरलेलं असतं की माणूस थोडीफार फळं खाणार. तुमच्या अ‍ॅपनं १४०० हा आकडा काढताना असं काहीच धरलेलं नाही. तिथे १४०० म्हणजे सगळं मिळून १४००. एका पद्धतीचा नियम उचलून दुसऱ्या पद्धतीला लावला की हिशेब जुळणार कसा? शिवाय पुण्यात भाऊ अर्धा डझन केळी विकत आणतो, ती घरातल्या सगळ्यांत दोन-तीन दिवस पुरतात. त्याच्या घरी केळी न मोजल्यानं फारसं बिघडत नाही. तुमच्या घरी बिघडतं.

म्हणून केळी बंद करा असं मी मुळीच म्हणत नाही, आणि कुणी म्हणालं तरी ऐकू नका. मोजायचं ते बसवण्यासाठी, काढून टाकण्यासाठी नाही. दिवसाला दोन केळी ठेवा. एक शाळेच्या मधल्या सुट्टीत, चहाबरोबरच्या खारी-बिस्किटांच्या जागी. दुसरं शाळेतून घरी आल्या आल्या, स्वयंपाकाला लागायच्या आधी. ही वेळ महत्त्वाची आहे, कारण भुकेल्या पोटी ओट्याशी उभं राहिलं की शेव, शेंगदाणे, भाजीची चव असं करत करत किती पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग केला होता. जेवणाआधी त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी कधी आख्खं सफरचंद चिरून दिलं, कधी त्याचा गर शिजवून, कधी रस, कधी काहीच नाही. चिरलेलं फळ चावून खाल्लं त्या दिवशी जेवणातलं एकूण खाणं, सफरचंदाच्या कॅलरी धरूनही, काहीच न खाल्लेल्या दिवसापेक्षा सुमारे १५ टक्के कमी भरलं. रसानं हे साधलं नाही, त्यात फळाचा चोथा वेगळा मिसळला तरीही नाही. फळ मोजावं, पण आनंदानं खावं, ते या कारणासाठी.

उरलेल्या दोन केळ्यांच्या जागी कधी पेरू, कधी पपई घ्या. शहाद्याकडची पपई आपल्या बाजारात भरपूर येते, आणि शंभर ग्रॅम पपईच्या कॅलरी चाळिशीच्या आसपास, म्हणजे केळ्याच्या निम्म्याहून कमी. कलिंगड तर तिशीतच. सीताफळाचा गर केळ्याच्या बरोबरीला जातो आणि चिकूही त्याच्या जवळपास, ती दोन फळं मोजूनच खा.

फळाच्या नावाखाली येणाऱ्या गोष्टींपासून मात्र सावध राहा. रस्त्याकडेच्या कढईतले गरम केळी वेफर्स हे केळं नव्हे. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये पाचशेच्या वर कॅलरी असतात आणि तेवढा पुडा गप्पांत कधी संपतो ते कळत नाही. साखर घातलेलं शिकरण, आमरसावर सोडलेलं तूप, उसाचा रस, मोसंबीचा गाळलेला ज्यूस, खजूर, मनुका हेही सगळं लिहायचं.

आता भाज्या. वांग्यात शंभर भागांत नव्वदच्या वर पाणी असतं, काकडीत पंचाण्णव. केळ्यात पंचाहत्तर. भाज्यांच्या उरलेल्या भागात साखर-पिष्ट कमी आणि चोथा जास्त, म्हणून पालक, मेथी, कोबी, दोडका, गिलके, भेंडी, वांगी, टोमॅटो, काकडी यांच्या शंभर ग्रॅममागे पंधरापासून चाळीसपर्यंत कॅलरी भरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात २००० कॅलरींच्या दिवसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. वरच्यासारख्या पाणीदार भाज्या ४०० ग्रॅम घेतल्या तर मिळून कॅलरी शंभर-सव्वाशेच्या आसपास होतात. आणि खरं सांगा, दिवसाला चारशे ग्रॅम भाजी आपल्यापैकी किती जणींच्या पोटात जाते? एवढ्याशा आकड्यासाठी मेथीची जुडी तोलत बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं. त्यापेक्षा दिवसाला १०० कॅलरी भाज्यांच्या नावानं सकाळीच अ‍ॅपमध्ये लिहून टाका आणि मग दिवसभर भाजी पोटभर खा. वाटी दोनदा भरा, कोशिंबीर घ्या. लाल आकड्याचा भाजीशी संबंधच राहणार नाही.

काही भाज्या या यादीत बसत नाहीत. बटाटा, रताळं, सुरण, मटार, मक्याचं कणीस, ओल्या तुरीचे दाणे आणि भुईमुगाच्या ओल्या शेंगा यांना मोजा. जागतिक आरोग्य संघटनाही दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते तेव्हा बटाटा-रताळ्यासारखे कंद त्यातून वगळते. हुरडा हे तर धान्यच, तो भाकरीच्या हिशेबात.

आणि शेवभाजी, पाटोडी रस्सा, फौजदारी डाळ यांना रोजच्या शंभरात बसवू नका. शेव म्हणजे बेसन तळलेलं, वर रश्शाला तेलाचा तवंग. अ‍ॅपमध्ये 'मिक्स व्हेज' निवडून शेवभाजी लिहिली तर निम्म्याहून जास्त कॅलरी गळून जातात. खायची असेल त्या दिवशी शेव आधी काट्यावर ठेवा, शंभर ग्रॅमला साडेपाचशे धरा, रश्श्याचं तेल वेगळं लिहा आणि मन लावून जेवा.

काकडीसारखी भाजी पचवायलाच जास्त कॅलरी लागतात, म्हणून ती खाल्ली की वजन उतरतं, असंही कुणी तुम्हाला सांगेल. तसं होत नाही. अन्न पचवायला साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी ऊर्जा जाते, काकडीलाही त्याहून फार वेगळा नियम नाही. काकडी चांगली ती पोट भरते म्हणून.

आता तुमच्या पत्राचा शेवट. पाच जण, पंधरा किलोचा डबा, दोन महिने. तुम्ही हे बेतानं वापरल्याचा पुरावा म्हणून लिहिलंत. चला, भागाकार करू. पंधरा हजार ग्रॅम भागिले साठ दिवस, म्हणजे घरात रोज २५० ग्रॅम. पाच जणांत ५० ग्रॅम माणशी. एक ग्रॅम तेलाच्या नऊ कॅलरी. झाल्या ४५०. यात पाहुणे आले असतील, पापड-कुरडया तळल्या असतील, कढईतलं थोडं टाकलंही असेल. पाचवा हिस्सा वजा केला तरी माणशी ३६० उरतात. तीन केळ्यांएवढी रक्कम, रोज. पोषण संस्थेच्या त्याच ताटात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅम सांगितलंय, आणि तेही २००० कॅलरींच्या ताटात. तुमचा कोटा १४०० चा आहे.

तुम्ही अ‍ॅपमध्ये 'वांग्याची भाजी, एक वाटी' असं निवडता तेव्हा त्यात धरलेलं तेल कुणाच्या तरी चमच्याचं असतं, तुमच्या पळीचं नाही. तुमची फोडणीची पळी एकदा पाण्यानं भरा आणि ते पाणी जेवणाच्या मोठ्या चमच्यानं मोजा. पंधरा मिलीचा एक चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. पळीत असे किती चमचे मावतात ते कळलं की माझ्या पत्राची अर्धी गरज उरणार नाही. तुम्ही १४०० लिहिता, ताई, पण १४०० खात नाही. खोटं लिहिता असं अजिबात नाही. जे दिसतं ते लिहिता, आणि तेल भाजीत मुरल्यावर दिसत नाही.

भरिताचं उदाहरण घेऊ, कारण हे दिवस त्याचेच आहेत. चंपाषष्ठी झाली की आपल्याकडे शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. किलोभर वांगी घ्या, ती बामणोदकडची पोपटी, मोठी, कमी बियांची. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर खरपूस भाजली, साल काढली, हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचली. इथपर्यंत सगळ्या वांग्यांच्या मिळून कॅलरी अडीचशे. मग कढईत वाटीभर तेल तापतं. शंभर मिली धरलं तर ते ९० ग्रॅम, म्हणजे आठशेच्या वर कॅलरी. त्यात मूठभर शेंगदाणे परतले, ५० ग्रॅम, पावणेतीनशे-तीनशे कॅलरी. कांद्याची पात, कोथिंबीर यांचं काही मोजायला नको. एकूण बेरीज साडेतेराशेच्या घरात. पाच जणांनी खाल्लं तर माणशी २७०, आणि त्यात वांग्याचा वाटा फक्त ५०. उरलेल्या २२० तेलाच्या आणि दाण्याच्या. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी घेतलीत, ऐंशी ग्रॅम पिठाची, तर पावणेतीनशे. पुऱ्या घेतल्या तर तेल पुन्हा वाढलं. भरित 'भाजी' म्हणून सोडून द्यायचं नाही आणि वांगी तोलत बसायचं नाही, ते यासाठी. तेलाची वाटी आणि दाण्याची मूठ लिहा, बाकी भरित मनसोक्त. भरिताला तेल लागतंच हे मलाही मान्य आहे, त्याची चवच त्यात आहे. पण वाटीच्या जागी अर्धी वाटी घेऊन, वांगी नीट खरपूस भाजून आणि लसूण-मिरची सढळ घालून पाहा. भाजताना आलेला धुराचा वास तेल कमी केलं म्हणून जात नाही.

घरातलं तेल मोजायची सगळ्यात सोपी रीत अशी. दर सोमवारी डब्यातून आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढा आणि सगळा स्वयंपाक त्याच बाटलीतून करा. आता तुमच्याकडे आठवड्याला पावणेदोन किलो लागतं. पहिल्या आठवड्यात दीड किलो काढा, दोन आठवड्यांनी सव्वा. माणशी २७ ग्रॅमप्रमाणे पाच जणांचं आठवड्याचं तेल साधारण एक लिटर होतं, तिथपर्यंत सावकाश या. एकदम लिटरवर आलात तर घरात भाजीची चव गेली म्हणून ओरड होईल आणि बाटली दुसऱ्याच दिवशी परत डब्याशेजारी जाईल. शेतात राबणाऱ्या माणसाला जास्त ऊर्जा लागते, त्यांच्या भाकरीवर वरून कच्चं तेल किंवा तूप घाला, कुणाचं काही कमी होणार नाही. पण फोडणी सगळ्यांची एकच असते, म्हणून बदल तिथून करायचा. सासूबाईंशी केळ्यावरून वाद घालू नका. बाटली त्यांच्याच हातात द्या, आठवडाभर ती पुरवायचं काम त्यांना सांगा. स्वयंपाकातलं माप त्यांच्या हाताला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

दीड महिन्यात तीन किलो उतरले आणि मग थांबलं, याचा फार धसका घेऊ नका. खाणं कमी केलं की सुरुवातीला जे वजन जातं त्यात पाण्याचाही वाटा असतो. पुढचा वेग मंदच असतो. पाळीच्या आसपास अंगात पाणी धरतं, तेव्हा काटा एक-दीड किलोनं वरही दाखवतो. रोज सकाळी काट्यावर उभं राहून दिवस खराब करण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ठरावीक वारी वजन करा आणि महिन्या-महिन्याची तुलना करा. १४०० बद्दलही सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये बैठं काम करणाऱ्या, ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी दिवसाची गरज १६६० कॅलरी धरली आहे. तुमचं वजन त्याहून जास्त आहे आणि घरकाम बैठं नाही. तेल खरंखुरं लिहायला लागलात की १४०० मध्ये दिवस बसवणं तुम्हाला जड जाईल. तेव्हा भाजी किंवा डाळ काढून टाकण्याऐवजी मर्यादा १५०० किंवा १६०० करा. प्रामाणिकपणे लिहिलेले १६०० हे न लिहिलेल्या तेलासकटच्या १४०० पेक्षा कितीतरी कमी भरतात.

हे लिहिणंही कायमचं नाही. तीन-चार आठवडे नीट लिहा, केळ्याचं, भाकरीच्या पिठाचं आणि पळीचं माप हातात बसलं की रोजचं लिहिणं सोडून द्या. आणि आकडा पाहून जेवताना अपराधी वाटायला लागलं, जेवण चुकवावंसं वाटलं, तर त्याच दिवशी अ‍ॅप काढून टाका. तेलाची बाटली आणि दोन केळी एवढ्यावरही काम होतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगायला हवं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी केळी किती खावीत हे कॅलरीवरून ठरवू नये. कच्च्या केळ्यातलं पिष्ट पिकताना साखरेत बदलतं, कॅलरी जवळपास तेवढ्याच राहतात, पण रक्तातल्या साखरेवर परिणाम वेगळा होतो. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना केळ्यातलं पोटॅशियम चालत नाही असं डॉक्टर अनेकदा सांगतात. या दोघांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

राहिली एकादशी. त्या दिवशी तुमचा आकडा केळ्यांनी नाही, साबुदाण्यानं फुगतो. पाऊण वाटी कोरडा साबुदाणा, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास, साडेतीनशे कॅलरी. त्यात दोन मोठे चमचे दाण्याचा कूट, चमचाभर तूप आणि बटाटा मिळवला की खिचडीची एक थाळी सहाशेच्या पलीकडे जाते, आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. खिचडी एकाच वेळेला आणि निम्मी करा. दुसऱ्या वेळेला भगर, सोबत काकडीची कोशिंबीर, त्यात कूट चमच्यानं मोजून. दाण्याची आमटी केलीत तर कोशिंबिरीत कूट नको. दुपारी वाटीभर दही आणि एक केळं, संध्याकाळी दुसरं. त्या दिवशी तिसरं केळं खावंसं वाटलं तर जरूर खा, फक्त लिहून ठेवा.